बिनखोकल्याचं भाषण

विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात आजवर कुणी खोकलेलं नाही. निदान तिथली रेकॉर्डिंगं ऐकली तर तसंच वाटेल. दम्याचे, सिगारेटचे, नुसतीच घसा साफ करायची खोड असलेले असे कितीतरी विद्वान त्या व्यासपीठावर तासन्‌तास बोलून गेले, पण रेकॉर्डिंगमध्ये सगळे कसे ठणठणीत. ही किमया मागच्या भिंतीतल्या काचेच्या खोलीत बसणाऱ्या माणसाची. त्याला सगळे आवाजवाले म्हणत. त्याला नाव होतं, पगाराच्या पावतीवर ते छापूनही यायचं, पण ते उच्चारायची वेळ सहसा कुणावर येत नसे.

खोकणारा माणूस खोकायच्या आधी एक श्वास घेतो. बोलण्यासाठी घेतलेल्या श्वासापेक्षा तो वेगळा असतो, जरा वरच अडकल्यासारखा. तो श्वास कानावर पडला की आवाजवाल्याचा अंगठा मिक्सरवरची त्या माइकची पट्टी झर्रकन खाली ओढायचा. खोकला होऊन जायचा आणि पट्टी परत जागेवर यायची. ऐकणाऱ्याला वाटे, वक्ता क्षणभर विचारात पडला. त्यामुळे बऱ्याच जणांचा विचारवंत म्हणून लौकिक वाढला, असं आवाजवाला म्हणायचा, पण ते फक्त बायकोजवळ.

हे त्याला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नव्हतं. आई लहानपणीच गेली. वडील असून नसल्यासारखे. मोठ्या बहिणीनं, ताईनं, त्याला वाढवलं. त्यासाठी ती शाळा सोडून कपडे शिवायच्या कारखान्यात लागली, आणि त्याला मिसरूड फुटायच्या आत लाउडस्पीकर भाड्यानं देणाऱ्या एका दुकानात चिकटवून दिलं. दुकानाचा मालक भलता तापट. भर सभेत माइक शिट्टी मारायला लागला आणि हा गोंधळून वायरी चाचपायला लागला, की पाठीत धपाटा बसायचा. "आधी गप्प करायचं, मग बघायचं!" मालक ओरडायचा. "लोकांचे कान फुटल्यावर कारण सापडून काय करायचंय?" आणि ते खरंच होतं. धपाटे थांबले, दुकान सुटलं, मालकही गेला, पण ते वाक्य आवाजवाल्याच्या हातात उतरून बसलं होतं.

ताईला एकच मुलगा. लहानपणी असा गोलमटोल की त्याचं नावच गुंड्या पडलं. तो रांगत होता तेव्हाच ताईचा नवरा आजारपणात गेला, त्यामुळे मामा हा गुंड्याचा निम्मा बाप होता. एका मोठ्या सुट्टीत गुंड्या मामाच्या हाताखाली त्या काचेच्या खोलीत काम करायला आला. पोरगा हुशार, पण हुशार पोरांना असते ती खोड त्यालाही होती. माइकनं शिट्टी मारली की हा आधी कारण शोधत बसायचा. मामा त्याच्या बोटांवर टिचकी मारायचा. "आधी गप्प करायचं, मग बघायचं." सुट्टी संपेपर्यंत गुंड्याचा हात मामाइतकाच चलाख झाला. पुढे घरात त्याचा विनोदच झाला. सकाळी घड्याळाचा गजर झाला की गुंड्या डोळे न उघडता तो बंद करायचा आणि पांघरुणातून म्हणायचा, "आधी गप्प करायचं, मग बघायचं. मामाचा मंत्र आहे." मग ताई पांघरूण ओढायची आणि भावाला फोन करून म्हणायची, "बारक्या, काय शिकवून ठेवलंस रे माझ्या पोराला?" दोघं बहीणभाऊ पोट धरून हसायचे.

शिक्षण संपल्यावर गुंड्याला शीतगृहात नोकरी लागली. फळं, मासे, मांस गोठवून ठेवायची ती अवाढव्य, बिनखिडक्यांची इमारत. तिच्या यंत्रखोलीत त्याची पाळी असायची. गारवा करायला तिथे अमोनिया वायू नळ्यांमधून फिरवतात. तो गळला तर माणसाचा श्वास कोंडतो, म्हणून भिंतीवर भोंगा बसवलेला होता. पण भोंगा फार हळवा निघाला. यंत्राचं तेल बदललं की वाजायचा, फरशी पुसायच्या औषधाचा भपका आला की वाजायचा, काही झालं नाही तरी वाजायचा. त्याच्या खालीच त्याला गप्प करायचं बटण होतं आणि प्रत्येक पाळीतली माणसं ते दाबायची. एके दिवशी खरोखरची गळती झाली. भोंगा वाजला, बटण दाबलं गेलं, आणि काय झालंय ते बघायला गुंड्या नळ्यांच्या मागच्या बाजूला गेला. तिथून तो बाहेर आला नाही. घरी त्याची बायको होती आणि नुकतीच चालायला लागलेली मुलगी.

चौकशी झाली. 'मृत कर्मचाऱ्याने इशारायंत्रणा स्वतःच बंद केली होती' असं अहवालात आलं. यंत्राकडे तशी नोंद होती आणि त्या वेळी खोलीत तो एकटाच होता. कंपनीनं हात वर केले.

'स्वतःच' हा शब्द ताईच्या घशात जो अडकला तो कायमचा. "माझा मुलगा स्वतःहून असल्या गोष्टीला हात लावणारा नव्हता," ती म्हणायची. "त्याला वरून कुणीतरी सांगितलं असणार." मग ती त्या कुणालातरी शोधायला लागली. पर्यवेक्षकाला भेटली, इंजिनियरला भेटली, मॅनेजरच्या दाराशी बसून राहिली. प्रत्येकाला तिचा एकच प्रश्न: कुणी सांगितलं त्याला? प्रत्येकानं शपथेवर सांगितलं की आम्ही नाही. ती पुढच्या कचेरीचे उंबरे झिजवायला निघायची, आणि सोबत आवाजवाला, पाण्याची बाटली आणि तिची छत्री घेऊन. बाकावर तिच्या शेजारी बसून तो मान डोलवायचा. पण खरं सांगायचं तर त्याला त्या अहवालात काही खोटं दिसत नव्हतं. पोरानं बेफिकिरी केली आणि जिवाला मुकला, असं त्यानं मनाशी धरलं होतं. हे तो ताईला मेला तरी सांगणार नव्हता. आतल्या आत मात्र तो गुंड्यावर रागावलेलाच असायचा, आणि मेलेल्या माणसावरचा राग कुठे नेऊन टाकायचा ते कुणालाच माहीत नसतं.

वर्षं गेली. ताई थकली, चकरा कमी झाल्या. मग एक दिवस नात, छकुली, शाळेतून आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, "आजी, बाबांनीच भोंगा बंद केला होता ना? माझ्या मैत्रिणीच्या बाबांनी कुठेतरी वाचलंय." ताई त्या दिवशी जेवली नाही. सुनेनं फोन केला म्हणून आवाजवाला धावत गेला. ताई शिलाईयंत्रापुढे बसून होती, यंत्र बंद. "उद्या मी नसेन, बारक्या," ती म्हणाली. "ही पोरगी मोठी होणार. बापाबद्दल तिला शोधून काय मिळणार, तर ते एक वाक्य. माझं म्हणणं कुठेच नाही."

त्याच सुमारास विद्यापीठातल्या एक प्राध्यापक बाई ताईला शोधत आल्या. विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज असा त्यांचा विषय. कारखान्यांतले भोंगे, दिवे, इशारे आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करणारी माणसं, यावर त्या काम करत होत्या. बाई सरळ होत्या. त्यांनी ताईच्या घरी बसून सगळं ऐकून घेतलं, मध्येच घड्याळ बघितलं नाही, आणि जाताना म्हणाल्या, "मावशी, आमची मोठी परिषद आहे. बाहेरून माणसं येणार आहेत. तुम्ही येऊन हे स्वतःच्या तोंडानं सांगाल का? त्याचं रेकॉर्डिंग होईल आणि ते कायम जपून ठेवलं जाईल. कुणालाही कधीही ऐकता येईल."

ताईनं आधी नाही म्हटलं. एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांपुढे आपण काय बोलायचं? मग तिला कळलं की परिषद त्याच सभागृहात आहे.

"तिथे मशीनवर तू असणार?" तिनं भावाला विचारलं.

"मीच असतो."

"मग बोलते."

तयारी आवाजवाल्याच्या स्वयंपाकघरात झाली. ताई ओट्याला टेकून उभी राहिली, हातात माइक म्हणून लाटणं. बायकोनं प्रेक्षक व्हायचं कबूल केलं. गुंड्याचं लहानपण, त्याची नोकरी, तो भोंगा, हे सगळं ताई छान सांगायची. आवाज खणखणीत, मध्ये एखादा चिमटासुद्धा. पण शेवटाकडे एक जागा होती. "माझ्या मुलानं ते बटण दाबलं असेल, तर कुणीतरी त्याला तसं सांगितलं होतं. स्वतःहून दाबणारा तो नव्हता. माझ्या नातीनं हे ऐकावं म्हणून मी इथे आले." एवढंच बोलायचं होतं. दर वेळी तिथे आलं की तिचा श्वास वर अडकायचा, आणि लाटणं खाली यायचं.

"मला नाही जमायचं रे. तिथे सगळ्यांपुढे रडू फुटलं तर?"

"फुटलं तर फुटू दे," आवाजवाला म्हणाला. "तू बोलत राहा. बाकीचं मी सांभाळतो."

परिषदेचा दिवस उजाडला. परिषद म्हणजे काय, हे आवाजवाल्याइतकं कुणी पाहिलेलं नसेल. गळ्यात पट्टे अडकवलेली माणसं एकमेकांच्या चेहऱ्याआधी पट्ट्यावरचं नाव वाचतात, नाव कामाचं निघालं तर मग हसतात. निबंधांच्या शीर्षकात मध्यभागी दोन टिंबं असतात, टिंबांच्या आधी कविता आणि टिंबांनंतर खरा विषय. प्रश्न विचारायला उठलेला माणूस "प्रश्न असा नाही, पण" असं म्हणून जो सुरू होतो तो चहाच्या घंटेपर्यंत थांबत नाही. आणि प्रत्येक परिषदेत एक तरी गडी असा असतो, जो आपली पाळी पाच मिनिटांवर आली की पेनड्राइव्ह नाचवत धावत येतो, "काका, एवढी नवीन फाईल टाका ना." यंदा तो गडी निळ्या कोटात होता आणि ताईनंतर त्याचीच पाळी होती.

आधी प्राध्यापक बाई बोलल्या. आवाजवाला भाषणांमधला आवाज ऐकायचा, अर्थ सहसा ऐकायचा नाही, पण आज कान टवकारलेले होते. बाई म्हणत होत्या की अशा ठिकाणी हुकूम देणारा शोधायला गेलं तर बहुतेक वेळा कुणी सापडतच नाही. यंत्रं वाजतात, माणसांना कामं असतात, आणि गप्प करणं हाच हळूहळू कामाचा भाग होऊन जातो. ते ऐकून आवाजवाल्यानं काचेतून ताईकडे पाहिलं. हे ताईला कळलं तर? पण बाई शास्त्राच्या भाषेत बोलत होत्या आणि पहिल्या रांगेतली ताई पदराचं टोक मुठीत धरून स्वतःचंच भाषण पुटपुटत होती.

मग ताई उभी राहिली. माइक तिच्या उंचीला आणायला आवाजवाला स्वतः व्यासपीठावर गेला. "मी आहे," तो म्हणाला आणि आपल्या खोलीत परतला.

ती इतकी चांगली बोलली की त्याला अभिमानानं भरून आलं. भोंग्याची नक्कल केली तेव्हा सभागृह हसलं, आणि पुढच्याच वाक्याला गप्प झालं. निळ्या कोटवाल्यानंसुद्धा फोन खाली ठेवला होता. बोलत बोलत ती त्या जागेपाशी आली. "माझ्या मुलानं," ती म्हणाली आणि तिनं हातरुमाल तोंडाला लावला. काचेतून आवाजवाल्याला ते दिसलं. बहिणीला इतक्या लोकांपुढे रडताना बघणं त्याच्या जिवावर आलं. नेमकी त्याच वेळी दारावर टकटक झाली. पेनड्राइव्ह आला होता. आवाजवाल्याला सुटल्यासारखं झालं. तो वळला, फाईल घेतली, ती उघडत नव्हती, परत घातली, कोटवाल्याशी दोन शब्द बोलला. परत वळून पाहिलं तेव्हा ताईचा रुमाल खाली आला होता आणि ती म्हणत होती, "एवढंच सांगायचं होतं. नमस्कार." सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

चहाच्या वेळी ताईभोवती घोळका जमला. एक दाढीवाले अभ्यासक, फार मोठं नाव असलेले, तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही शेवटी बोलायच्या थांबलात ना, ती शांतता! त्या शांततेनं जे सांगितलं ते आमच्यापैकी एकाच्याही निबंधात नव्हतं." ताईला वाटलं, ही मोठ्या लोकांची बोलायची पद्धत असेल. ती कोपऱ्यात भावाकडे आली. दमलेली होती, पण चेहरा कितीतरी वर्षांत नव्हता इतका मोकळा.

"आलं ना रे ऐकू सगळ्यांना? शेवटचं?"

"आलं की. टाळ्या नाही ऐकल्यास?" तो म्हणाला, आणि त्याला तसंच वाटत होतं.

"मला ते दे हं काढून. छकुली मोठी झाली की ऐकवायचंय."

सगळे पांगल्यावर रिकाम्या सभागृहात तो रेकॉर्डिंग तपासायला बसला. ताईचं भाषण त्यानं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. कानाला हेडफोन लावून तो हसत ऐकत होता. भोंगा झाला, लोकांचं हसणं झालं. "माझ्या मुलानं," ताई म्हणाली. मग एक श्वास आला, वर अडकलेला. आणि मग काहीच नाही. खुर्चीचा आवाज नाही, हुंदका नाही, काही नाही. ते काहीच नाही बराच वेळ चाललं. मग एकदम ताई म्हणाली, "एवढंच सांगायचं होतं. नमस्कार."

त्यानं परत ऐकलं. दाढीवाल्यांची शांतता कुठून आली ते आता त्याला कळलं. ताई थांबलीच नव्हती. रुमालाआडून, रडत, ती सगळं बोलली होती. पुढच्या रांगेतल्या लोकांच्या कानावर पडलंही असेल. बाकीच्या सभागृहाला फक्त एक मुकी बाई दिसली होती. दाराकडे वळतानाच त्याचा अंगठा पट्टी खाली ओढून गेला होता, आणि टाळ्या वाजायच्या आधी कधीतरी त्यानंच ती वर ढकलली होती. त्याला दोन्हीपैकी काहीही आठवत नव्हतं. त्यानं मिक्सरवर कपाळ टेकलं आणि तो हमसून हमसून रडला. गुंड्या गेला तेव्हा ताईला सावरायच्या नादात तो रडायचाच राहिला होता.

रडून झाल्यावर त्याला एक गोष्ट सुचली, आणि ती त्याला इतकी मोठी वाटली की त्याचं दुःखसुद्धा जरा हलकं झालं. कुणी न सांगता, कळायच्या आत, स्वतःच्या बहिणीचा आवाज त्याच्या हातानं बंद केला होता. मग गुंड्याचा हात वेगळा कशाला असेल? पोरगा बेफिकीर नव्हता. बाई म्हणत होत्या ते हेच. इतकी वर्षं आपण त्याच्यावर उगाच रागावलो. हे ताईला सांगितलं पाहिजे, तिच्या जिवाची घालमेल तरी थांबेल, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

रविवारी दुपारी तो ताईकडे गेला. पिशवीत छोटा मिक्सर, रेकॉर्डर आणि त्याचा सगळ्यात चांगला माइक होता. सून नातीला घेऊन बाहेर गेली होती. ताईनं शिलाईयंत्रावरचे कपडे बाजूला केले, त्यानं यंत्राच्या फळीवर माइक उभा केला, पट्टी वर सरकवली, रेकॉर्डरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"हे कशाला आणलंस?" ताईनं विचारलं.

"शेवटचं थोडं परत बोलायचंय, ताई. छकुलीसाठी. तिथे ते आलं नाही."

"आलं नाही म्हणजे? मशीन बिघडलं?"

"मशीन ठीक होतं. मी ही पट्टी खाली केली." त्यानं अंगठ्यानं हवेतच दाखवलं. "ती खाली असली की आवाज कुठेच जात नाही. स्पीकरवर नाही, रेकॉर्डिंगमध्ये नाही."

ताईला समजायला वेळ लागला. समजलं तशी ती खुर्चीत ताठ झाली. इतक्या कचेऱ्यांमध्ये त्यानं तिला असं ताठ होताना पाहिलं होतं, आणि पुढे ती काय विचारणार तेही त्याला पाठ होतं. फक्त तो प्रश्न आपल्याला येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही गं."

"व्यासपीठावरून कुणी खूण केली? कंपनीचं कुणी आलं होतं का तिथे? घाबरू नकोस, बारक्या, सांग मला."

"खरंच कुणी नाही सांगितलं. तेच तर सांगायला आलोय मी." तो पुढे सरकला. त्याला घाई झाली होती. "तू रडायला लागलीस आणि माझा हात गेला. मला कळलंसुद्धा नाही. आता बघ, गुंड्याचंही असंच झालं असणार. त्याचा काही दोष नव्हता, ताई. हाताला वळणच पडलेलं असतं. काही ओरडायला लागलं की आधी गप्प करायचं…"

आणि तो थांबला.

ताई त्याच्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले, मग थांबले, मग परत हलले.

"मग बघायचं," ती म्हणाली.

तिनं ते हळूच म्हटलं, पांघरुणातून गुंड्या म्हणायचा अगदी त्याच सुरात. आवाजवाल्याला ती सुट्टी आठवली, काचेची खोली, मिक्सरवर गोंधळलेली ती पोरसवदा बोटं, आणि त्यांच्यावर आपण मारलेल्या टिचक्या. पर्यवेक्षक, इंजिनियर, मॅनेजर, एकजात सगळे खरं बोलले होते. ताई जिथे जिथे त्या माणसाला शोधायला गेली, तिथे तो तिच्या शेजारीच बाकावर बसलेला होता, तिची छत्री सांभाळत. त्याला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

ताई रागावली नाही. रागावली असती तर त्याला सोसलं असतं. तिनं फळीवरचा एक धागा उचलला, बोटाला गुंडाळला, परत सोडला.

"बघ," ती म्हणाली. "मी म्हणत होते ना. कुणीतरी सांगितलंच असणार त्याला."

मग तिनं श्वास घेतला, तो वर अडकणारा. आवाजवाल्यानं तो लगेच ओळखला. त्याचा अंगठा पट्टीवर जाऊन टेकलाही होता. त्यानं दुसऱ्या हातानं तो हात उचलला आणि मांडीवर दाबून धरला. लाल दिवा जळत होता. ताई रडली, तिला ठसका लागला, ती खोकली, परत रडली, आणि ते सगळं जसंच्या तसं रेकॉर्ड झालं.